पानाचं तेल, कळीचं नाव



पर्युषण जवळ आलं की वाणगाव, डहाणू, बोईसर या आपल्या पट्ट्यात बायकांच्या व्हॉट्सॲप गटांवर घरगुती मालाच्या जाहिराती सुरू होतात. दशांग धूप, मुखवास, साबण, डोकेदुखीचा बाम, केसांचं तेल. हल्ली यातल्या बऱ्याच वस्तूंवर एक ओळ हमखास असते : ‘शुद्ध लवंग तेलयुक्त’. घरबसल्या चार पैसे मिळवणाऱ्या या मैत्रिणींचं मला कौतुकच आहे. पण ज्या बाटलीतलं तेल त्या वापरतात, त्या बाटलीबद्दल आज लिहायचं आहे.

माझं मत आधीच सांगते. स्वस्तात मिळणारं लवंग तेल पुष्कळदा लवंगेचं नसतंच, लवंगेच्या झाडाच्या पानांचं असतं. पानाचं तेल वाईट नाही. आपल्या धर्माच्या नजरेने पाहिलं तर त्याची एक बाजू कळीच्या तेलापेक्षा उजवी आहे. चूक तेलात नाही, ते कळीचं म्हणून विकण्यात आहे. आणि ही चूक लहान नाही, कारण आपण प्रतिक्रमणात जिचं नाव घेतो त्यांपैकी ती एक आहे.

पहिली गोष्ट, लवंग म्हणजे काय? आपण तिला मसाला म्हणतो, पण ती एक न उमललेली कळी आहे. झाडावर घोसाने कळ्या येतात. हिरवट कळ्या गुलाबी व्हायला लागल्या की, उमलायच्या आत, घोसच्या घोस हाताने खुडतात. मग कळ्या देठांपासून वेगळ्या करून उन्हात वाळवतात, तेव्हा त्या तपकिरी होतात. लवंगेच्या डोक्यावरची ती छोटी गोळी म्हणजे मिटलेल्या पाकळ्या. कळी खुडली नाही तर ती उमलली असती आणि तिचं फळ झालं असतं.

हे झाड आपल्या जांभळाचं सख्खं भावंड आहे. जांभळाचं शास्त्रीय नाव सिझिजियम क्युमिनी, लवंगेचं सिझिजियम ॲरोमॅटिकम. कुळही एक आणि वंशही एक. पूर्वी दोघांनाही युजेनिया म्हणत, आणि त्यावरूनच लवंगेच्या तेलातल्या मुख्य द्रव्याला युजेनॉल हे नाव पडलं. जांभळाची आठवण पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून हे नातं लक्षात ठेवा.

या एका झाडापासून तीन तेलं निघतात : कळीचं, देठाचं आणि पानाचं. इंग्रजी लेबलवर ‘बड’, ‘स्टेम’ आणि ‘लीफ’ असे शब्द असतात. तिन्ही वाफेवर काढतात, पण उतारा अगदी वेगळा. सुक्या कळ्यांतून साधारण १५ ते २० टक्के तेल निघतं, देठातून ५-६ टक्के आणि पानांतून जेमतेम २-३ टक्के. मसाल्यात इतकं तेल देणारे जिन्नस थोडेच आहेत, म्हणून तर एक लवंग चावली तरी तोंड भरून जातं.

मी कॉमर्स शिकलेली, त्यामुळे उताऱ्याचा आकडा दिसला की हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. १ किलो कळीच्या तेलाला ५ ते पावणेसात किलो लवंग लागणार. हिशेबाला सोपं जावं म्हणून लवंगेचा भाव किलोला हजार रुपये धरा. म्हणजे १०० मिलि तेलात ५०० ते ७०० रुपयांची नुसती लवंगच गेली. घाऊक भाव कमी असेल, तो तुमच्या हिशेबाने धरा. पण त्यात इंधन, मजुरी, बाटली, वाहतूक, दुकानदाराचा नफा मिळवा आणि मग सांगा, दीडशे-दोनशे रुपयांना मिळणारी १०० मिलिची बाटली कळीची कशी असेल? याला प्रयोगशाळा लागत नाही, वहीचं एक पान पुरतं.

पानाचं गणित उलटं. १ किलो तेलाला ३३ ते ५० किलो पानं लागतात. पण कळ्या विकून झाल्यावरही पानं उरतातच आणि त्यांना दुसरं गिऱ्हाईक नसतं. म्हणून उतारा कमी असूनही हे तेल तिन्हींत स्वस्त पडतं. लवंगेचं मूळ घर म्हणजे इंडोनेशियातली मोलुक्का बेटं, आणि आजही सगळ्यात जास्त पानाचं तेल इंडोनेशियातूनच येतं. मादागास्कर हा दुसरा मोठा देश.

इंडोनेशियातली पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तिथे जावा आणि सुलावेसी बेटांवर लवंगेच्या बागा आहेत. कोरड्या दिवसांत झाडाखाली पिकल्या पानांचा सडा पडतो. गावातली गरीब माणसं, त्यांत बायका पुष्कळ, ही गळलेली पानं झाडून, वेचून पोत्यांत भरतात आणि वजनावर विकतात. भट्टीवर मोठं भांडं असतं, त्यात तळाशी पाणी आणि वर जाळी. आपण इडल्या, ढोकळा वाफवतो तसंच. जाळीवर पानं दाबून भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि खाली जाळ करायचा. वाफ पानांतून जाताना तेल सोबत घेते. ती वाफ थंड पाण्यातल्या नळीतून नेली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि तेल वेगळं होतं. एक घाणा उतरायला सहा-आठ तास सहज लागतात. तेल काढून उरलेली पानं वाळवून पुढच्या घाण्याला सरपण म्हणून वापरतात.

इथे एक गंमत आहे. आपल्या घरातलं कुठलंही तेल पाण्यावर तरंगतं. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, त्यामुळे ते खाली बसतं आणि पाणी वर राहतं. भांडं लोखंडाचं असेल तर युजेनॉलचा लोखंडाशी संबंध येऊन तेल काळपट, जांभळट होतं. स्टीलच्या भांड्यातलं किंवा पुन्हा शुद्ध केलेलं तेल फिकट पिवळं दिसतं. म्हणजे गडद रंग दिसला की ‘अस्सल, कडक माल’ असं समजू नका. तो बहुतेक भांड्याचा रंग असतो.

आता तेलात काय असतं ते पाहू. पानाच्या तेलात युजेनॉल साधारण ८० ते ८८ टक्के असतं. कळीच्या तेलातही ते ७५ ते ८५ टक्क्यांच्या आसपास असतं. मग फरक कुठे? कळीच्या तेलात युजेनिल ॲसिटेट नावाचं द्रव्य ८ ते १५ टक्क्यांपर्यंत असतं. लवंगेचा डबा उघडल्यावर तिखटपणाच्या मागून जो गोडसर, फळासारखा वास येतो, त्यात याचा मोठा वाटा. पानाच्या तेलात ते जवळजवळ नसतंच. त्याऐवजी कॅरिओफायलिन १० ते १५ टक्क्यांपर्यंत असतं. हे द्रव्य मिऱ्यातही असतं. म्हणून पानाच्या तेलाचा वास उग्र, लाकडासारखा कोरडा, काहीसा दवाखान्यासारखा येतो. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून हुंगल्या तर आपल्यासारख्या रोज फोडणी करणाऱ्या बायकांना फरक कळायला वेळ लागणार नाही. एकच बाटली समोर असली की मात्र फसायला होतं.

या तेलाचा जगात सर्वांत मोठा उपयोग दातदुखीसाठी नाही, सुगंधासाठी आणि युजेनॉल वेगळं काढण्यासाठी आहे. कच्चं तेल साबण, धुण्याची पावडर, अगरबत्ती यांत जातं. युजेनॉलला क्षारासोबत तापवून आयसोयुजेनॉल करतात, आणि या दोघांवर कार्नेशनच्या फुलाचा वास उभा करतात. आपल्याकडे पॉलिहाउसमध्ये कार्नेशन पिकतं, गुच्छांत ते आपण पाहतो, पण त्याच्या नावाने विकला जाणारा सुगंध बहुतेक वेळा त्या फुलातून काढलेला नसतो. १९३८ पासून पुरुषांसाठी विकल्या जाणाऱ्या ओल्ड स्पाइसच्या वासातही लवंग आणि कार्नेशनची छटा आहे. आपल्या वडिलांच्या, काकांच्या दाढीच्या डब्याचा तो वास बऱ्याच जणींना आठवत असेल.

बिनअंड्याच्या केकमध्ये आपण घालतो ते व्हॅनिला इसेन्ससुद्धा या गोष्टीत आहे. त्यातलं व्हॅनिलिन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून काही दशकं लवंग तेलातल्या युजेनॉलपासूनच बनवत. आता ते मुख्यतः ग्वायाकॉल या कारखान्यात तयार होणाऱ्या रसायनापासून बनतं. दाताच्या डॉक्टरांकडे गेल्यावर जो ओळखीचा वास येतो तोही युजेनॉलचा. झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून दातात भरण्याचं सिमेंट करतात. सुगंधाच्या या धंद्यात आपला मराठी माणूसही जुना आहे. मुंबईची एस. एच. केळकर कंपनी १९२२ पासून साबण, अगरबत्ती आणि प्रसाधनांसाठी सुगंध बनवते.

मग जैन घरात याकडे कसं पाहायचं?

चौदा नियम रोज धारणाऱ्या बहिणींना एक गोष्ट लगेच जाणवेल. हे एकच झाड तीन नियमांत येतं. जेवणानंतर लवंग तोंडात टाकली की ‘तंबोल’. तिच्या तेलाचं अत्तर किंवा सुगंध घेतला की ‘कुसुम’. तेच तेल खोबरेलात मिसळून गुडघ्याला चोळलं की ‘विलेपन’. सकाळी नियम धारताना आपण मुखवासापुरताच लवंगेचा विचार करतो. साबणातला, बाममधला, टूथपेस्टमधला युजेनॉल मोजत नाही, कारण तो आहे हेच माहीत नसतं. युरोपात २००५ पासून २६ सुगंधी घटकांची नावं ठरावीक प्रमाणाच्या वर असल्यास वेष्टनावर छापणं सक्तीचं झालं, कारण काहींच्या त्वचेला त्यांची ॲलर्जी येते. त्या २६ मध्ये युजेनॉल आणि आयसोयुजेनॉल दोन्ही आहेत. आपल्याकडच्याही काही साबणांच्या कागदावर बारीक अक्षरात ही नावं सापडतात. चष्मा लावून एकदा वाचून बघा.

दुसरी गोष्ट सुगंधाच्या उगमाची. जुन्या काळी उंची सुगंध प्राण्यांपासून येत : कस्तुरी हरणाच्या नाभीजवळची, जवादी मांजराच्या ग्रंथीतली, अंबर देवमाशाच्या आतड्यातलं. पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य म्हणून जो व्यापार श्रावकाला वर्ज्य सांगितला, तो त्रस जीवांच्या अवयवांचा व्यापार. त्यामुळे वनस्पतीपासूनचा सुगंध आपल्याला जवळचा वाटतो आणि ते बरोबरच आहे. पण वनस्पतींतही भेद आहेत.

इथे मला पाठशाळेत शिकवली जाणारी लेश्यांची गोष्ट आठवते. सहा भुकेले वाटसरू फळांनी लगडलेल्या जांभळाच्या झाडाखाली येतात. पहिला म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा म्हणतो, मोठ्या फांद्या तोडू. तिसरा लहान डहाळ्या, चौथा घोस, पाचवा फक्त पिकली फळं. सहावा म्हणतो, खाली पडलेली फळं वेचली तरी आपलं पोट भरेल. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचे हे सहा भाव. गोष्टीतलं झाड जांभळाचं, आणि लवंग त्याचंच भावंड.

लवंगेच्या इतिहासात या पायऱ्या खरोखर घडल्या आहेत. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने लवंगेचा भाव आणि मक्तेदारी टिकवण्यासाठी मोलुक्कातल्या बेटांवरची लवंगेची झाडं तोडून टाकली आणि लागवड अंबोन व आसपासच्या बेटांपुरतीच ठेवली. ज्यांची ती झाडं होती त्यांनी विरोध केला तर त्यांच्यावर सशस्त्र होड्या पाठवल्या. फळ खायचं म्हणून नाही, दुसऱ्याला मिळू नये म्हणून झाड मुळासकट. मादागास्करमध्ये पानाच्या तेलासाठी पुष्कळदा जिवंत डहाळ्या तोडतात. त्या अति तोडल्या की झाड अशक्त होतं आणि कळ्याही कमी धरतात. लवंग स्वतः म्हणजे घोस खुडणं, आणि तोही उमलण्याआधी. आणि जावामध्ये गळलेली पानं वेचणं ही सहाव्या वाटसरूची रीत. झाडाने स्वतः सोडून दिलेलं, वाळलेलं पान. झाडाला इजा नाही, फुलाला नाही.

म्हणून ‘पानाचं म्हणजे नकली’ असं म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही. ज्याला बाजार दुय्यम म्हणतो, ते काही बाबतीत आपल्या विचाराच्या जास्त जवळ आहे.

तरीही ‘गळलेलं पान, म्हणजे हिंसा नाहीच’ इतकं सोपं उत्तर मी देणार नाही. पाण्याचे जीव आहेत, अग्नीचे आहेत, सहा-आठ तास भट्टी पेटती आहे. पाचोळ्याच्या ढिगात किडे, मुंग्या, गोगलगायी असतात. आपल्याकडच्या चिकूच्या वाडीत पाचोळा हाताने उचलून पाहिला तर कळेल, खाली एक जगच असतं. सगळा पाचोळा झाडून नेला तर जमिनीचं अन्नही जातं. म्हणून कोरड्या दिवसांत, झटकून, थोडा मागे ठेवून वेचणं ही जयणा. ओला ढीग उचलून भट्टीत टाकणं ही जयणा नव्हे. श्रावकाचं व्रत स्थूल आहे, शून्य हिंसेचं नाही. पण कमीत कमी कशात, हा प्रश्न विचारत राहणं आपल्यावर आहेच.

काही मैत्रिणी दुसऱ्या टोकाला जातात : ‘वनस्पतीचं आहे, म्हणजे कितीही वापरा.’ हे तर मुळीच नाही. धान्याच्या डब्यात चार लवंगा टाकल्या की वासामुळे किडे लांब राहतात. तो उपाय मला योग्य वाटतो, कारण त्यात जीव पडण्याआधीच तो टळतो. पण ओट्यावर मुंग्यांची रांग असताना त्यावर लवंग तेलाचा फवारा मारणं ही वेगळी गोष्ट आहे. युजेनॉल हे कीटकांना मारणारं द्रव्य आहे. अमेरिकेत कमी धोक्याच्या कीटकनाशकांसाठी जे घटक मान्य आहेत, त्या यादीत लवंग, लवंग तेल आणि युजेनॉल तिन्ही आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या बहिणींना आणखी एक सांगते : मत्स्यसंशोधनात मासे बेशुद्ध करायला हेच युजेनॉल वापरतात. तेव्हा ‘हर्बल स्प्रे’ असं लिहिलंय म्हणून तो अहिंसक होत नाही. आधी रांग मऊ पिसाने किंवा पुंजणीने हलकेच बाजूला करावी, ओटा स्वच्छ पुसावा, गोडाचा डबा हलवावा. नंतर कोरड्या कोपऱ्यात अख्ख्या लवंगा ठेवाव्यात. क्रम महत्त्वाचा.

आता मूळ मुद्दा. तिसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे अचौर्याचे पाच अतिचार आहेत. चोरीचा माल घेणं, चोराला मदत करणं, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार, खोटं वजन-माप, आणि पाचवा तत्प्रतिरूपक व्यवहार. अस्सल मालासारखा दिसणारा हलका माल अस्सल म्हणून देणं किंवा त्यात मिसळणं. वंदित्तु सूत्र म्हणताना आपण याचा उल्लेख दर वेळी करतो. पानाचं तेल कळीच्या नावाने विकणं ही या अतिचाराची अगदी नमुनेदार गोष्ट आहे. दिसायला सारखं, युजेनॉल सारखंच, बाटली तीच, भाव वेगळा.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं : ‘आम्हाला घाऊकवाल्याने लवंग तेल म्हणून दिलं, आम्ही लवंग तेल म्हणून विकलं.’ पहिल्या बाटलीपुरतं ते ठीक. पण धंदा करणाऱ्याने मालाची चौकशी करायची असते, ही जमाखर्चाच्याही आधीची शिकवण आहे. घाऊकवाल्याला एकच प्रश्न विचारायचा : कोणत्या भागाचं? बड, स्टेम की लीफ? बिलावर तसं लिहून मागायचं. मोठी ऑर्डर असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागायचा. त्यात युजेनिल ॲसिटेटचा आकडा बघायचा. तो नगण्य असेल तर ते तेल कळीचं नाही. प्रामाणिक व्यापारी हा कागद देतो. जो प्रश्न ऐकूनच चिडतो, त्याच्याकडून घेऊ नये.

दुसरं उत्तर असं : ‘एवढं कोण बघतं? वास आला की गिऱ्हाईक खूश.’ आपण डहाणू तालुक्यातले लोक आहोत, हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कशासाठी मिळवलं? दुसरीकडचा चिकू घोलवडचा म्हणून कोणी विकू नये म्हणून. कन्याकुमारीच्या लवंगेलाही २०२१ मध्ये असंच मानांकन मिळालं. वाणगावची मिरची, ढोबळी मिरची मुंबईच्या बाजारात नावावर विकली जाते. आपल्या मालाच्या नावाला कोणी हात लावला तर आपल्याला राग येतो. मग कळीचं नाव पानाला लावताना हात थांबायला हवा.

बायकांनी विचारल्याने काय होणार, असं वाटत असेल तर लवंगेचाच एक इतिहास सांगते. १९३७ मध्ये झांझिबारच्या ब्रिटिश सरकारने लवंगेच्या व्यापाराचं नियंत्रण एका संघाच्या हाती दिलं आणि तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांवर, ज्यांत कच्छी-गुजराती पुष्कळ होते, गदा आली. काँग्रेसने झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला. भारत हा त्या लवंगेचा मोठा गिऱ्हाईक आणि मुंबई ही मोठी पेठ. १९३८ मध्ये तिथल्या सरकारला तडजोड करावी लागली. लवंग शेवटी घराघरातल्या मसाल्याच्या डब्यात जाते, म्हणजे हा बहिष्कार स्वयंपाकघरांनीही पाळला असणार. आपण तर बहिष्कारही मागत नाही, फक्त लेबलवर एक शब्द मागतो आहोत.

तेव्हा ज्या मैत्रिणी धूप, साबण करतात त्यांना माझं सांगणं असं. पानाचं तेल खुशाल वापरा आणि ठसठशीत लिहा : ‘लवंगेच्या पानांचं तेल’. भाव त्याप्रमाणे ठेवा. धुपात आणि साबणात ते चांगलं काम करतं. धूपपूजेचा धूप देरासरात जाणार असेल तर तिथे खोटं नाव अजिबात नको. आणि गळलेल्या पानांचं तेल मिळालं, तसं घाऊकवाल्याने लिहून दिलं, तर तेही सांगा. आपल्या गिऱ्हाइकांना ते कळीपेक्षा जास्त आवडेल असं मला वाटतं.

वापरणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

दातासाठी पानाचं तेल नको. औषधकोशात ज्याला लवंग तेल म्हणतात ते कळीचं. तेही नुसतं हिरडीला लावलं तर भाजतं. तेलाच्या मागे लागण्यापेक्षा दुखऱ्या दाताखाली एक लवंग धरावी आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जावं.

अंगाला लावायचं तर १०० मिलि खोबरेल किंवा तिळाच्या तेलात अर्धा मिलि, म्हणजे साधारण १० थेंब, याहून जास्त नको. ‘जास्त झणझणलं की जास्त गुण’ हा समज सोडा. लहान बाळांना आणि संवेदनशील कातडीला मुळीच लावू नये.

बाटली नातवंडांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. दोन वर्षांच्या मुलाने ५ ते १० मिलि लवंग तेल प्यायल्याने बेशुद्धी येऊन यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. म्हणजे एक-दोन चमचे. गडद काचेच्या बाटलीत, वरच्या फळीवर, बूच घट्ट.

आणि पाण्याची परीक्षा. पेल्यातल्या पाण्यात तेल सोडून जरा हलवा. लवंगेचं तेल तळाशी जाईल. खाद्यतेल किंवा लिक्विड पॅराफिन मिसळलेलं असेल तर वर तवंग राहील. मात्र कळी की पान, हे यातून कळत नाही. दोन्ही बुडतात. त्यासाठी भाव, वास आणि बिल हेच तीन साक्षीदार.

शेवटी आपल्या कोकणाबद्दल थोडं. वाणगावच्या हवेत लवंग होत नाही, तिला दमट आणि सावलीची जागा लागते. पण रत्नागिरीजवळ भाट्ये इथे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे. तिथे नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी, लवंग अशी मसाल्याची झाडं लावण्याची ‘लाखी बाग’ ही पद्धत बसवली गेली. त्यातल्या दालचिनीच्या पानांच्या तेलातही मुख्य द्रव्य युजेनॉलच असतं. दक्षिण कोकणातल्या बचत गटांनी छाटणीची आणि गळलेली पानं वाया न घालवता तेल काढलं, खरं नाव लावून विकलं, तर माझ्या धुपासाठी मी ते आनंदाने घेईन. दूर देशातलं तेल कोणी कसं वेचलं हे आपल्याला बघता येत नाही, रत्नागिरीला जाऊन बघता येईल.

लेश्यांच्या गोष्टीबद्दल एक सांगायचं राहिलं. सहाव्या वाटसरूची थोरवी पडलेल्या फळात नव्हती, त्याच्या मनात होती. लेश्या म्हणजे भाव. पान आपोआप गळलेलं असलं, तरी विकणाऱ्याच्या मनात फसवणूक असेल तर ते तेल शुक्ल लेश्येचं होत नाही. वेचणारीने पान खाली पडलेलंच घेतलं. आपण निदान नाव तरी खरं लावू.